तान्ह्या बाळाला घेऊन बाजारात

तान्ह्या बाळाला घेऊन खरेदीला जाणे आज बहुतेक आईबापांना चुकत नाही. भरल्या घरात बाळाला आजीच्या मांडीवर ठेवून मंडईत जाऊन येता येई. नवराबायको दोघेच राहत असलेल्या घरात ती सोय नाही. वाणसामान घरपोच येते, पण चपलेचे माप, लग्नाचा बस्ता, बाळाचेच कपडे आणि निवडून घ्यायची भाजी यांसाठी दुकान गाठावे लागते. अशा वेळी बाळाला धोका असतो तो गर्दीतल्या संसर्गाचा, उष्णतेचा, वाहनाचा आणि पडण्याचा. त्रास होतो तो भुकेचा, अपुऱ्या झोपेचा आणि गोंगाटाचा. हे सगळे आधीच ध्यानात घेऊन खरेदी बाळाच्या कलाने बेतली, तर वर्षाच्या आतल्या बाळालाही सुखरूप बाजारात नेऊन आणता येते.

वय आणि लसी

बाळंतिणीने आणि बाळाने सव्वा महिना घराबाहेर पडू नये ही महाराष्ट्रातली जुनी रीत. आईच्या शरीराला त्या काळात विश्रांतीची गरज असते आणि बाळाची प्रतिकारशक्ती अगदी कोवळी असते, म्हणून या रीतीत तथ्य आहे. याचा अर्थ बाळाला कोंडून ठेवावे असा नाही. मोकळ्या हवेत, सावलीत थोडा वेळ फिरवल्याने निरोगी बाळाला अपाय होत नाही. टाळायची ती बंदिस्त जागेतली दाटी.

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार जन्मतः बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि कावीळ ब ची लस मिळते. पेंटाव्हॅलंट लस ६, १० आणि १४ आठवड्यांना दिली जाते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब जिवाणूचा संसर्ग या पाचांपासून ती संरक्षण देते. डांग्या खोकला मोठ्या माणसाला नुसता चिवट खोकला वाटतो, पण दोन महिन्यांच्या बाळाचा श्वास थांबवू शकतो. त्यामुळे हे डोस पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण साडेतीन महिन्यांपर्यंत, सणासुदीच्या गर्दीत बाळाला न नेणे शहाणपणाचे. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. गोवरचा रुग्ण निघून गेल्यावरही त्याचे विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतात, म्हणून गावात गोवरची साथ असेल तेव्हा लस न झालेल्या बाळाला मॉल किंवा बंदिस्त दुकानात नेऊ नये. वेळेआधी किंवा कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळांबाबत डॉक्टरांना विचारूनच बाहेर पडावे.

वेळ कशी निवडावी

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाला दिवसाकाठी १४ ते १७ तास आणि ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला १२ ते १६ तास झोप लागते. अंगावर पिणारे नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पिते. म्हणजे पहिल्या काही महिन्यांत दोन पाजण्यांच्या मधला काळ दोन-तीन तासांचाच असतो आणि जाणे, खरेदी, परतणे हे सारे त्यातच बसवावे लागते. बाळाला पाजून, ढेकर काढून, लंगोट बदलून लगेच निघाले की हा काळ पुरेपूर हाती लागतो. बाळ झोपेला आले असताना निघाले, तर पहिल्याच दुकानात किरकिर सुरू होते.

बाळांच्या रडण्यालाही ठरावीक क्रम असतो. जन्मानंतर रडणे वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक होते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते. दिवसभरात ते संध्याकाळी जास्त असते. बाजाराची गर्दीही संध्याकाळचीच. पुण्यात शनिवार-रविवारी संध्याकाळी तुळशीबागेत किंवा लक्ष्मी रस्त्यावर, मुंबईत दिवाळीआधी दादरच्या रानडे रोडवर माणसाला माणूस खेटून चालतो. हीच दुकाने आठवड्यातल्या कामाच्या दिवशी उघडल्या उघडल्या गाठली तर दुकानदारालाही निवांतपणा असतो. भाजीसाठी सकाळची वेळ उत्तम, माल ताजा आणि ऊन कोवळे. गावच्या आठवडी बाजारातही दुपारी ट्रॅक्टर, टेम्पो आणि माणसे यांची दाटी होण्याआधी आटोपते घ्यावे. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये सकाळी अकरा ते संध्याकाळी पाचपर्यंत बाळाला बाहेर काढूच नये.

यादीही त्या बेताने करावी. एका फेरीत एक-दोन दुकानेच घ्यावीत. ज्याच्यासाठी बाहेर पडलो ती वस्तू सर्वांत आधी घ्यावी, कारण बाळाने मध्येच परतायला लावले तरी फेरी फुकट जात नाही.

कडेवर, झोळीत की बाबागाडीत

बाळ साधारण चार महिन्यांचे होईपर्यंत मान पुरती सावरत नाही. तोवर त्याला कडेवर घेता येत नाही. छातीशी आडवे किंवा मानेला हात देऊन उभे धरावे लागते. एक हात बाळात गुंतला की दुसऱ्या हाताने पिशवी, पाकीट आणि मोबाइल सांभाळायचा, आणि घाईत बाळावरची पकड सैल होते. म्हणून एकट्याने जायचे असेल तर हात मोकळे ठेवणारे साधन हवे.

पाठीला किंवा पोटाशी कापडात बाळ बांधून रानात, बाजारात जाण्याची पद्धत आपल्याकडे कष्टकरी बायांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आजचे बेबी कॅरियर हे त्याचेच शिवलेले रूप. ते वापरताना काही गोष्टी पाहाव्यात. कापड इतके घट्ट हवे की बाळ घसरून गुंडाळी होणार नाही. मान खाली घालताच बाळाचा चेहरा दिसला पाहिजे. नाक-तोंडावर कापड किंवा पदर नको. बाळाचे डोके इतके वर असावे की त्याच्या टाळूचा मुका सहज घेता येईल. हनुवटी आणि छाती यांत किमान एका बोटाचे अंतर हवे, कारण हनुवटी छातीला टेकली की अरुंद श्वासनलिका दुमडते आणि बाळ आवाजही न करता गुदमरू शकते. पाठीला सरळ आधार हवा. चार महिन्यांखालच्या बाळांना पिशवीसारख्या खोल झोळीत हा गुदमरण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. पायांकडेही पाहावे. पाय सरळ खाली लोंबकळत न ठेवता गुडघे कुल्ल्यांपेक्षा थोडे वर आणि मांड्या दोहों बाजूंना पसरलेल्या असाव्यात. तान्हेपणी खुब्याच्या सांध्याची खोबण नीट घडायला ही ठेवण मदत करते.

अंगाशी धरलेले बाळ चालताना शांत का राहते याचे उत्तर शरीरातच आहे. जपानमधील रिकेन संस्थेतील कुमी कुरोदा, जानलुका एस्पोझितो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सहा महिन्यांपर्यंतच्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आई बाळाला घेऊन बसली असताना आणि चालू लागल्यावर, अशी दोन्ही वेळा त्यांनी नोंद घेतली. आई चालू लागताच बाळाचे रडणे आणि हातपाय झाडणे कमी झाले आणि हृदयाचे ठोकेही चटकन मंदावले. बाजारात याचा प्रत्यय रोज येतो. दुकानांच्या रांगेतून चालताना गाढ झोपलेले बाळ बिलाच्या रांगेत उभे राहताच चुळबुळ करू लागते. अशा वेळी जागच्या जागी उभे राहून थोपटण्यापेक्षा बरोबरच्या माणसाला रांगेत ठेवून बाळाला घेऊन चार पावले चालत राहणे अधिक उपयोगी पडते.

बाबागाडी रुंद वाटा, लिफ्ट आणि उतार असतील तिथेच कामाची. घडी घालून काखेत मारता येणारी हलकी गाडी ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान-अभियंत्याने १९६५ मध्ये घडवली. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर त्याने पूर्वी काम केले होते. मॉलमध्ये अशी गाडी सुखाची, तुळशीबागेच्या बोळात मात्र तिची अडचणच होते. मान न धरणाऱ्या बाळाला पाठ सपाट करता येणारीच गाडी लागते. गाडीच्या दांड्याला जड पिशव्या टांगल्या की ती मागे उलटते, म्हणून सामान खालच्या जाळीतच ठेवावे. ऊन लागू नये म्हणून गाडीवर दुपटे किंवा ओढणी टाकून ती चहूबाजूंनी झाकण्याची सवय घातक आहे. आतली हवा कोंडते, तापते आणि बाळ दिसेनासे होते. सावलीसाठी गाडीचे छत किंवा छत्री वापरावी.

जाण्यायेण्याचे वाहन

महाराष्ट्रात बाळ घेऊन बाजारात जाणारी अनेक कुटुंबे दुचाकीवरून जातात. पुढे बाप, मागे आई, आईच्या मांडीवर बाळ आणि हँडलला पिशवी हे रोजचे दृश्य आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चार वर्षांखालील मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा, ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरपर्यंतचा वेग ही बंधने आहेत. नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहेत. नऊ महिन्यांहून लहान बाळाच्या मानेला हेल्मेटचे वजन पेलत नाही, म्हणजेच त्याच्यासाठी दुचाकी हे वाहनच नव्हे. थोडे पैसे जास्त गेले तरी रिक्षा करावी, आतल्या बाजूला बसावे आणि बाळाला छातीशी धरून उघड्या कडेपासून दूर ठेवावे.

मोटारीत बाळ मांडीवर धरणे सुरक्षित वाटते, पण अचानक ब्रेक लागला तर कोणाचेही हात ते धरून ठेवू शकत नाहीत. मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवलेली बाळाची खास सीट हाच खात्रीचा उपाय. एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर अशी सीट कधीही बसवू नये. १४ वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा बालसुरक्षा सीटशिवाय नेल्यास १००० रुपये दंडाची तरतूद २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात आहे. आणखी एक गोष्ट जिवावरची: ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून बाळाला बंद मोटारीत ठेवून जाऊ नये. उन्हात उभ्या मोटारीचे तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी चढते आणि बाळाचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापते.

पिशवीत काय असावे

दोन-तीन तासांच्या फेरीला दोन लंगोट किंवा डायपर, एक जास्तीचे झबले, दोन सुती दुपटी, ओला रुमाल, घाण कपड्यांसाठी वेगळी पिशवी आणि आईसाठी एक जास्तीची ओढणी किंवा कुर्ता एवढे पुरते. एक दुपटे कुठेही बाळाला आडवे करण्यासाठी आणि दुसरे पांघरायला. उन्हाळ्यातही ते लागते, कारण रस्त्यावरच्या रखरखाटातून वातानुकूलित दुकानात शिरले की बाळाला एकदम गार लागते. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्यांहून जास्त असते, त्यामुळे ते लवकर तापते तसे लवकर निवतेही. मानेच्या मागे हात लावून पाहावे. तिथे घाम असेल तर कपडे कमी करावेत, गार लागले तर एक थर वाढवावा.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही द्यायचे नसते, उन्हाळ्यात पाणीसुद्धा नाही. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असते. उन्हात बाळाला जास्त वेळा पाजले की झाले. पाण्याची बाटली लागते ती आईला. काढलेले दूध साधारण २५ अंश तापमानात चार तास टिकते; महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात तेवढाही भरवसा धरू नये, बर्फाच्या पाकिटांसह बंद पिशवीतच न्यावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडरचे दूध सुरू असेल तर घरूनच कालवून नेऊ नये. उकळलेले गरम पाणी थर्मासमध्ये आणि मोजलेली पावडर वेगळ्या कोरड्या डब्यात न्यावी, ऐनवेळी कालवून कोमट होऊ द्यावे आणि उरलेले दूध टाकून द्यावे. बाळाच्या गळ्यातला काळा दोरा, साखळी किंवा दोरीला बांधलेले लाळेरे निघण्याआधी काढून ठेवावे. कॅरियरच्या पट्ट्यात किंवा गाडीच्या बकलात ते अडकले तर गळ्याला फास बसतो.

दुकानात

मोठ्या दुकानातली चाकांची ट्रॉली अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीच्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने १९३७ मध्ये आणली. आता आपल्याकडच्या सुपरमार्केटांतही ती सर्रास दिसते. तिच्या हँडलजवळची घडीची बैठक आधाराशिवाय बसू लागलेल्या बाळासाठी असते. सहा महिन्यांच्या आधी तिचा उपयोग नाही. ट्रॉली वरून जड आणि खालून अरुंद असल्याने मूल उभे राहिले किंवा बाहेर झुकले की उलटते. अमेरिकेत १९९० ते २०११ या काळात ट्रॉलीमुळे जखमी होऊन तातडीच्या उपचारांसाठी आणलेल्या १५ वर्षांखालील मुलांची संख्या सव्वापाच लाखांच्या वर होती. त्यांतल्या सुमारे ७० टक्के दुखापती पडल्यामुळे झाल्या होत्या आणि बहुतांश डोक्याच्या होत्या. म्हणून बाळाला बैठकीत पट्टा लावावा, एक हात नेहमी ट्रॉलीवर असावा आणि मागचा डबा उचलायलाही पाठ फिरवू नये. मोटारीतली सीट ट्रॉलीच्या काठावर आडवी ठेवण्याची युक्तीही अशीच फसवी. ती एका धक्क्याने खाली येते.

सरकत्या जिन्यावर बाबागाडी चढवू नये, लिफ्ट शोधावी. लिफ्ट नसेल तर बाळाला अंगाशी घेऊन गाडीची घडी घालावी. बिलाच्या टेबलावर, काउंटरवर किंवा वजनकाट्यावर बाळाला क्षणभरही ठेवू नये. तीन महिन्यांचे बाळ आज पालथे पडले नसेल तरी उद्या पडू शकते.

कपड्यांची पारंपरिक दुकाने बाळासाठी सोयीची असतात. लग्नाचा बस्ता बांधायला चार-चार तास लागतात, पण पांढऱ्या गादीवर सगळे खालीच बसतात. गादीच्या कोपऱ्यात, भिंतीकडे, दुपटे अंथरून बाळाला झोपवता येते आणि एक मोठे माणूस त्याच्यापाशी बसवता येते. तिथे धोका असतो तो साड्यांच्या प्लास्टिक पिशव्यांचा आणि टाचण्यांचा. चार-पाच महिन्यांनंतर बाळ हाताला लागेल ते तोंडात घालते, म्हणून त्याच्या हाताच्या टप्प्यातून या दोन्ही वस्तू आधीच उचलाव्यात. भाजीबाजारात हीच काळजी हिरव्या मिरच्या आणि सुट्ट्या नाण्यांच्या बाबतीत घ्यावी.

गोड बाळ दिसले की लोक गालाला हात लावतात, मुका घ्यायला जातात. मोठ्यांच्या साध्या सर्दीचा विषाणू तान्ह्या बाळाच्या फुप्फुसापर्यंत पोहोचू शकतो. ‘बाळाला सर्दी लवकर होते, पायाला हात लावा’ असे हसून सांगितले की कोणी दुखावत नाही आणि बाळाचा चेहरा वाचतो.

दूध पाजण्याची जागा

बाळाला भूक लागली की बाजारातही पाजावेच लागते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. महाराष्ट्रात एसटी स्थानके आणि सरकारी कार्यालयांत स्तनदा मातांसाठी ‘हिरकणी कक्ष’ आहेत. तान्ह्या लेकरासाठी रात्री रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणी गवळणीच्या कथेवरून त्यांना हे नाव दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सार्वजनिक ठिकाणी स्तनपानासाठी आणि बालसंगोपनासाठी जागा उपलब्ध करण्याबाबत राज्यांना निर्देश दिले आणि सार्वजनिक ठिकाणी स्तनपान करण्याला कलंक मानू नये असे सांगितले. बाजारपेठांमध्ये मात्र अशा जागा आजही फार थोड्या आहेत. कपडे घालून पाहण्याची खोली, औषधाच्या दुकानातली खुर्ची, देवळाची ओसरी हे आयांनी शोधलेले पर्याय. दुकानदाराने पंख्याखाली एक खुर्ची आणि एक पडदा दिला, पायरीशेजारी एक उतार केला आणि कडेवर बाळ असणाऱ्याचे बिल आधी केले, तरी फार मोठे काम होते. स्वच्छतागृहात मात्र बाळाला पाजू नये. मोठ्यांना जिथे जेवण घशाखाली उतरणार नाही तिथे बाळाचे जेवण कशाला?

किरकिर आणि रडणे

बाळ एकदम रडत नाही, आधी सुचवते. नजर वळवणे, जांभया, डोळे चोळणे, मुठी आवळणे, पाठ ताणून मागे जाणे ही दमल्याची आणि गोंगाट असह्य झाल्याची चिन्हे. मूठ चोखणे, मान वळवून तोंडाने शोधणे ही भुकेची. लाउडस्पीकर, झगमगते दिवे आणि अनोळखी चेहरे यांचा एकाच वेळी मारा झाला की बाळाला तो आवरत नाही. चिन्हे दिसताच शांत कोपऱ्यात किंवा बाहेर सावलीत जावे, चेहरा आपल्या छातीकडे वळवावा, हळू आवाजात बोलावे. त्याच्या हाती मोबाइल देणे सोपे वाटते, पण एक वर्षाखालील मुलांना पडदा अजिबात दाखवू नये अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

बोलण्याचा फायदा रडण्यापुरता नाही. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या सुझान झीडिक यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले की बाबागाडीत बाळाचे तोंड आईकडे असले की आई त्याच्याशी जवळजवळ दुप्पट बोलते. ‘हा बघ लाल टोमॅटो, हे हिरवे वांगे, आजी किती पैसे मागतेय बघ’ असे ओट्यापाशी बोलत राहिले तर सहा-सात महिन्यांचे बाळ डोळे विस्फारून ऐकते आणि वस्तू, शब्द व आवाज यांची सांगड घालायला शिकते. बाळ शांत आणि ताजेतवाने असताना बाजार त्याच्यासाठी शिकण्याची उत्तम जागा आहे.

एवढे करूनही रडणे थांबले नाही तर खरेदी अर्धी टाकून परतावे. राहिलेले सामान उद्या आणता येते.

घरी आल्यावर

घरी येताच आधी मोठ्यांनी साबणाने हात धुवावेत, मग बाळाचे हात-तोंड पुसून कपडे बदलावेत आणि त्याला पाजून निजवावे. आणलेली खेळणी हाती देण्याआधी आयएसआय चिन्ह, सुटे बारीक भाग आणि गोल चपटे सेल पाहून घ्यावेत. नवे कपडे एकदा धुवूनच अंगात घालावेत. पुढचे दोन-तीन दिवस बाळाच्या पिण्याकडे आणि श्वासाकडे लक्ष ठेवावे. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, बाळ पिईनासे झाले किंवा श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच वेळी डॉक्टरांकडे न्यावे.